अर्ध्या तासाची शिकवणी

मुलांनो, इंग्रजीचा तास सुरू झाला की कुणाकुणाच्या पोटात गोळा येतो? हात वर करा बघू! लाजू नका, मला इथून काही दिसत नाही. पण अंदाज आहे. माझ्या वर्गात हाच प्रश्न विचारला, तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर गेले. उरलेल्यांतले दोघं-तिघं, हात वर करावा की नको म्हणून शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते!

गेल्या खेपेस आपण पाढ्यांबद्दल बोललो. आज इंग्रजीची पाळी. आणि इंग्रजीत मागे पडलेल्या मुलाला एखादी छोटीशी शिकवणी कशी वर काढते, तेही आज सांगणार आहे. शिकवणी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. मी फी भरून जायच्या मोठ्या क्लासबद्दल बोलत नाहीये. एक शिकणारा, एक शिकवणारा, आणि रोजचा अर्धा तास, एवढीच ही शिकवणी.

पण आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. इंग्रजी येत नाही म्हणजे डोकं नाही, असं मुळीच नसतं. इंग्रजी आपल्याला का अडखळवते याची कारणं आहेत, आणि ती अगदी साधी आहेत.

पहिलं कारण अक्षरांचं. आपल्या मराठीत 'क' हा नेहमी 'क'च. कमळात, काकडीत, कोकणात, कुठंही गेला तरी तो बदलत नाही. इंग्रजीत तसं नाही. 'सी' हे अक्षर कॅटमध्ये 'क' होतं आणि सिटीमध्ये 'स' होतं. 'जी' हे अक्षर गोटमध्ये 'ग' असतं, तर जिराफमध्ये 'ज'. 'पी' आणि 'एच' शेजारी बसले की फोनमधला 'फ' तयार होतो. आणि 'ए'ची तर बातच सोडा. कॅट, केक, कार आणि बॉल हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. चारही शब्दांत 'ए' हेच अक्षर आहे आणि चारही ठिकाणी आवाज वेगळा आहे. इंग्रजीत अक्षरं सव्वीसच, पण आवाज मात्र सुमारे ४४. मग एकेका अक्षराला दोन-दोन, तीन-तीन कामं करावी लागणारच ना?

आता गंमत ऐका. एका अक्षराचे दोन आवाज ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. 'चाक' म्हणा. आता 'चंद्र' म्हणा. दोन्हीकडे अक्षर एकच, 'च'. पण चाकातला 'च' वेगळा आणि चंद्रातला वेगळा, की नाही? तसंच 'जाळं' आणि 'जेवण'. हे तुम्हाला कुणी पाठ करायला लावलं होतं? नाही. आजी, आई, शेजारपाजार, सगळ्यांच्या तोंडून ते शब्द हजारदा कानावर पडले, म्हणून आपोआप जमलं. इंग्रजी शब्द तेवढे कानावर पडत नाहीत, म्हणून ते जमत नाही. एवढंच.

दुसरं कारण गप्प बसणाऱ्या अक्षरांचं. नाइफ म्हणजे चाकू. त्याच्या स्पेलिंगात सुरुवातीलाच 'के' बसलाय, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. मग त्याला तिथं बसवलं कुणी? तर जुन्या काळी इंग्रज लोक तो 'क' खरोखरच उच्चारत असत. सन १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन या माणसाने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. पुस्तकं छापली जाऊ लागली, तशी हळूहळू स्पेलिंगं ठरून गेली. बोलणं मात्र पुढच्या दोन-तीनशे वर्षांत बदलत राहिलं. 'क' म्हणायचं लोकांनी सोडून दिलं, पण कागदावरचा 'के' जागचा हलला नाही. आणि डाउट, म्हणजे शंका, या शब्दातला 'बी' तर त्याहून मजेशीर. तो इंग्रजीत कधी उच्चारलाच जात नव्हता. लॅटिन भाषेतल्या मूळ शब्दात 'ब' आहे, म्हणून पंडितांनी तो स्पेलिंगमध्ये मुद्दाम घुसवला! तेव्हा स्पेलिंग चुकलं म्हणून रडू आलं, तर त्या पंडितांची आठवण काढा आणि पुन्हा लिहायला बसा.

तिसरं कारण वाक्याचं. आपण म्हणतो, 'मी आंबा खातो.' इंग्रजीत म्हणतात, 'आय ईट अ मँगो.' म्हणजे 'मी खातो आंबा.' आपण म्हणतो 'टेबलावर', ते म्हणतात 'ऑन द टेबल', म्हणजे आधी 'वर' आणि मग टेबल. आपला प्रश्नाचा 'का' वाक्याच्या शेवटी येतो, 'तुला आंबा आवडतो का?' इंग्रजीतला 'का' दारातच उभा असतो, 'डू यू लाइक मँगोज?' जो मुलगा मराठीतला शब्द काढून तिथंच इंग्रजी शब्द ठेवतो, त्याचं वाक्य उलटंपालटं होतं. त्यात त्याचा आळस नसतो. वाक्याचा रस्ता वेगळा आहे, हे त्याला कुणी थांबून दाखवलेलंच नसतं.

काही बाबतींत तर इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, बरं का! आपल्याकडे पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. इंग्रजीत तिन्हींना एकच 'इट'. मुलगा म्हणतो 'मी खातो', मुलगी म्हणते 'मी खाते'. इंग्रजीत दोघांचंही 'आय ईट'. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला विचारा, तो कपाळाला हात लावून सांगेल तुम्हाला!

हे सगळं वर्गात शिकवलं जात नाही का? जातं. पण वर्गाची अडचण समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या तीस मुलांमागे एक शिक्षक असतो आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात एकेका मुलाच्या वाट्याला मिनिटभर आलं तरी पुष्कळ. आईला लोकर विणताना पाहिलंय? एक टाका सुटला, की वरच्या ओळी कितीही नीट विणा, तो भाग उसवतच जातो. आई काय करते? विणकाम उलटं सोडत जाऊन तो टाका शोधते आणि तिथून पुन्हा विणते. इंग्रजीचंही असंच असतं. कुणाचा टाका पहिलीत सुटलेला असतो, कुणाचा तिसरीत. बाई पाचवीचा धडा शिकवत असतात आणि याचा टाका तर तिथं नसतोच. मागे जाऊन तो एकाच मुलाचा टाका शोधायचा, हे काम शिकवणीचं.

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव सांगत नाही, कारण ती हे साप्ताहिक वाचते! चार वर्षांपूर्वी ती पाचवीत माझ्या वर्गात आली. तिच्या वाडीवरची शाळा चौथीपर्यंतच होती. मराठी ती झकास वाचायची. गोष्टीचं पुस्तक दिलं की मधल्या सुट्टीत डबा खायचं विसरायची. पण इंग्रजीच्या तासाला मान खाली. इंग्रजीचा तास पहिला असला, की त्या दिवशी हमखास तिच्या पोटात दुखायचं. मग हळूहळू ती त्या दिवशी शाळेतच येईना.

एकदा तिच्या आईला बोलावलं. आई म्हणाली, "बाई, हिला काय शिक्षण झेपत नाही बघा. हिच्या मावशीला लहान बाळ हाय. पुढच्या वर्षी तिकडंच धाडावं म्हणते. बाळ तरी सांभाळंल." मुलगी शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. बोटाने टेबलाचा कोपरा घासत राहिली.

मुलांनो, एका विषयापायी शाळा सुटणार होती. जिला गोष्टीच्या पुस्तकापुढे भूक लागत नाही, तिची!

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग तुम्हीच का नाही शिकवणी घेतलीत? तर आम्हा शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी मनाई आहे. शाळेच्या वेळात जमेल तेवढं मी करतच होते. पण रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसणारं कुणीतरी हवं होतं. आईला विचारलं, "वाडीवर कुणी शिकलेलं आहे का?" तर शेजारच्याच घरातली एक ताई अकरावीत होती. आई तिच्याशी बोलली, मीही बोलले. ताई आधी म्हणाली, "बाई, माझंच इंग्रजी कच्चं आहे." मी म्हटलं, "पहिलीपुरतं आहे ना? मग झालं." सहा महिने करून बघू, असं आईने कबूल केलं. फी काय ठरली, सांगू? काहीच नाही. आई अधूनमधून ताईच्या घरी भाजी पाठवायची, तेवढंच.

ताईने पहिल्या दिवशी काय केलं? पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि पहिलीचं उघडलं. मुलगी लाजेने अर्धी झाली. पाचवीत असून पहिलीचं पुस्तक! कुणी पाहिलं तर? मग दोघींनी मिळून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. बाहेरून कुणाला काही कळेना. झालं काम!

टाका सापडला तो असा. तिला ए, बी, सी तोंडपाठ होतं, पण त्या अक्षरांचे आवाज माहीत नव्हते. 'सी-ए-टी' असं ती घडाघडा म्हणायची, पण त्याचं 'कॅट' कसं होतं ते तिला कळत नव्हतं. कारण 'सी', 'ए' आणि 'टी' ही अक्षरांची नावं झाली. नावं जोडून 'सीएटी' होईल, 'कॅट' कसं होणार? चार वर्षं ती प्रत्येक शब्द चित्रासारखा पाठ करत आली होती. पाच-पन्नास शब्दांपर्यंत हे चालतं. पुढं डोक्यात जागा उरत नाही आणि सगळी चित्रं एकमेकांत मिसळतात.

मग दोघींनी अर्ध्या तासाचे तीन भाग केले. पहिली दहा मिनिटं कालचं वाचायचं. दुसरी दहा मिनिटं एक नवा आवाज शिकायचा आणि त्याचे पाच शब्द वाचून लिहायचे. शेवटची दहा मिनिटं स्वतःच्या घरातली तीन वाक्यं करायची. आमची शेळी, आजीचा डबा, भावाची सायकल. रविवारी सुट्टी. आठवड्याला तीस शब्द झाले, आणि ते नुसते पाठ केलेले नाहीत, तर वाचता येणारे.

एके दिवशी ताईने शेवटच्या गप्प 'ई'ची जादू दाखवली. 'कॅप' लिहा, शेवटी 'ई' जोडा, 'केप' होतं. 'किट'ला 'ई' जोडा, 'काइट' होतो. 'हॉप'ला जोडा, 'होप' होतं. स्वतः गप्प बसून तो 'ई' मागच्या स्वराचा आवाज बदलतो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात माझ्याकडे धावत आली, "बाई, बाई, 'ई'ची जादू तुम्हाला माहितीय?" मी म्हटलं, "सांग बरं!" तिने फळ्यावर लिहून दाखवलं. सबंध वर्ष तोंड न उघडलेली मुलगी फळ्यापाशी उभी राहून वर्गाला सांगत होती.

पण लगेच गुण वाढले असं समजू नका. मी दर महिन्याला वर्गात वीस गुणांची चाचणी घेते. शिकवणी सुरू होण्याआधी तिला चार गुण होते. महिन्याने पाच झाले. दोन महिन्यांनी पुन्हा पाचच. वडील म्हणू लागले, "काय उपयोग? तालुक्याच्या क्लासला तरी घालू, नाहीतर बंदच करू." आई म्हणाली, "सहा महिने म्हणलं होतं. सहा महिने होऊ द्या." मी त्यांना तिची वही दाखवली. चाचणी होती पाचवीच्या धड्यांवर, आणि पोरगी अजून दुसरीच्या पुस्तकात चालत होती. मग चाचणीत ते दिसणार कसं? पण वहीत दिसत होतं. पहिल्या पानावर एकही वाक्य नव्हतं, चाळिसाव्या पानावर पाच वाक्यं होती. चुका होत्या, पण वाक्यं तिची स्वतःची होती.

चौथ्या महिन्यात आठ गुण मिळाले. सहाव्यात अकरा. अकराच, वीस नाहीत! पण तिचं पोट दुखायचं थांबलं होतं, आणि मावशीकडे पाठवायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. आता ती आठवीत आहे, सायकलवरून हायस्कूलला जाते. इंग्रजी काही तिचा आवडता विषय झालेला नाही. आवडता विषय मराठीच. पण इंग्रजी तिच्या वाटेत आडवी येत नाही.

आणि त्या ताईचं काय झालं? तिला वाटलं होतं, आपला अर्धा तास वाया जाईल. पण 'डू' कुठे आणि 'डज' कुठे, हे धाकटीला सांगता सांगता तिचंच पक्कं झालं. विद्या दिल्याने वाढते म्हणतात ते काही उगीच नाही.

मुलांनी मुलांना शिकवायची ही कल्पना आपल्या देशातून जगभर गेली आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? १७८९ पासून अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, अनाथ मुलांची शाळा सांभाळत होते. तिथल्या एका गावठी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. ती पद्धत त्यांनी आपल्या शाळेत आणली, आणि ज्या मुलांना येतं त्यांनाच बाकीच्यांना शिकवायला बसवलं. १७९७ साली त्यांनी यावर लंडनमध्ये पुस्तक छापलं. पुढे इंग्लंडमधल्या कितीतरी शाळांनी ही पद्धत उचलली.

आणि अलीकडची गोष्ट आपल्या मुंबईची. १९९५ मध्ये मुंबईत 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीत राहणारी, शाळा पूर्ण केलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि वाचन, लेखन, अंक असं पायापासून शिकवायची. हे इंग्रजीचं नव्हतं, पण सुटलेला टाका शोधायचं काम तेच. मुंबईत आणि बडोद्यात याचा नीट अभ्यास झाला. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. बालसखीकडे बसलेल्या मुलांची प्रगती खरोखरच झाली, असं त्यांना आढळलं. ज्यांना सगळ्यांत कमी येत होतं, त्या मुलांना तर चांगलाच फायदा झाला.

तर मुलांनो, तुमचंही इंग्रजीचं गाडं अडलं असेल तर काय करायचं?

एक, आपला टाका स्वतः शोधा. पहिलीचं पुस्तक घ्या, मग दुसरीचं, मग तिसरीचं. जिथे अडखळाल, तिथूनच सुरुवात करा. लाज वाटली तर वर्तमानपत्राचं कव्हर आहेच!

दोन, कुणाला तरी विचारा. ताई, दादा, काका, शेजारच्या काकू, वरच्या वर्गातला मित्र. 'मला इंग्रजी शिकव' असं म्हणू नका, समोरचा घाबरून पळेल. 'रोज अर्धा तास माझं वाचन ऐकशील का?' असं विचारा.

तीन, मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेली चूक कुणालाच ऐकू येत नाही, मग ती सुधारणार कोण?

चार, घर आणि रस्ता वाचा. साबणाचं वेष्टन, बिस्किटाचा पुडा, दुकानाची पाटी. कितीतरी इंग्रजी शब्द तुम्हाला आधीच येतात. टेबल, पेन, बस, स्टेशन, डॉक्टर, रोज तर बोलता! आणि देवाणघेवाण दोन्हीकडून झालीय, हेही विसरू नका. मुंगसाला इंग्रजीत मंगूस म्हणतात. तो शब्द त्यांनी आपल्याच मराठीतून नेलाय.

पाच, तुम्हाला इंग्रजी बरं येत असेल, तर तुम्हीच कुणाचे तरी ताई किंवा दादा व्हा. फक्त एक अट आहे. समोरचा चुकला तर हसायचं नाही. एकदा हसलात, की तो पुढचा शब्द वाचणारच नाही.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलांनो, हा भाग आई-बाबांना वाचून दाखवा. मोठ्याने, बरं का!

पालकहो, शिकवणी लावताना फी किती आणि क्लासची पाटी केवढी, हे नंतर पाहा. आधी विचारा, एका वेळी मुलं किती बसतात? वर्गात तीस मुलं आणि क्लासमध्ये साठ, तर तिथं तुमच्या मुलाचा टाका शोधायला कुणाला फुरसत असणार? अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक लेख लिहिला होता. एकेकट्याने शिकवणी मिळालेलं मध्यम मूल नेहमीच्या वर्गातल्या बहुतेक सगळ्या मुलांच्या पुढे गेलं, असं त्यात मांडलं होतं. एवढा मोठा फरक नंतरच्या अभ्यासांत दिसला नाही. पण चांगल्या शिकवणीने फायदा होतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

दुसरं, शिकवणीत मूल काय करतं ते बघा. शिकवणारा उत्तरं सांगतोय आणि मूल उतरवून घेतंय, असं असेल तर ती शिकवणी नव्हे, ते गृहपाठाचं हमालीकाम झालं. चांगल्या शिकवणीत मुलाचं तोंड जास्त चालतं आणि शिकवणाऱ्याचं कमी. घरी आल्यावर 'किती पानं झाली?' असं विचारण्याऐवजी 'आज कोणता शब्द वाचता आला?' असं विचारा.

तिसरं, घाई करू नका. चार वर्षांत सुटलेले टाके चार आठवड्यांत भरत नाहीत. आणि शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या ताटावर काढू नका. त्याने इंग्रजी सुधारत नाही, जेवण मात्र बिघडतं.

चौथं, इंग्रजीसाठी मराठी बंद करू नका. ज्या मुलाला मराठी गोष्ट वाचून समजते, त्याला वाचणं म्हणजे काय हे कळलेलं असतं. त्याला फक्त नवी अक्षरं आणि नवे आवाज शिकायचे असतात. मराठी पुस्तक हातातून काढून घेणं म्हणजे एक पाय मजबूत व्हावा म्हणून दुसरा बांधून ठेवणं.

पाचवं, पुस्तकांसाठी खर्च करायलाच हवा असं नाही. आपल्या शाळेच्या सगळ्या इयत्तांची पुस्तकं 'बालभारती'च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मागच्या इयत्तेचं पुस्तक शेजारच्या घरीही सापडेल. आणि सगळे प्रयत्न करूनही मूल अक्षरं उलटसुलट करत असेल, ओळ चुकत असेल, मराठी वाचतानाही तेवढंच अडखळत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या आणि शाळेतल्या बाईंशी किंवा गुरुजींशी बोला. काही मुलांना वाचनाचीच वेगळी अडचण असते. तपासणी करून घेता येते आणि अशा मुलांना परीक्षेत सवलतीही मिळतात. रागावून मात्र एकही अक्षर सरळ होत नाही.

चला मुलांनो, आता तुमचा या आठवड्याचा गृहपाठ. आज घरात फिरून दहा वस्तू अशा शोधा, ज्यांच्यावर इंग्रजी शब्द छापलेले आहेत. ते शब्द वहीत उतरवा. जे वाचता येतील त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा. जे येणार नाहीत ते घेऊन कुणाकडे तरी जा आणि म्हणा, "मला हे वाचून दाखव ना." तुमची शिकवणी तिथूनच सुरू झाली, असं समजा. दहापैकी किती शब्द आले आणि कुणी मदत केली, ते मला पत्राने कळवा. पत्र मराठीतच लिहा. एखादं वाक्य इंग्रजीत लिहावंसं वाटलं तर तेही लिहा, चुकलं तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात शुद्धलेखनाकडे वळू. तोवर वाचत राहा, मोठ्याने!

तुमच्या बाई